पाच चांदण्या नकोत

कुणी विद्यार्थी पुस्तक शोधायला संगणकापुढे बसला, की शमीम मॅडम त्याच्या मागे जाऊन उभ्या राहत आणि दोन्ही हात पाठीशी बांधून घेत. "तू शोध. मी फक्त बघते." पोरगं चुकायचं, घामाघूम व्हायचं, "मॅडम, तुम्हीच द्या ना काढून" म्हणून कळवळायचं, पण ते हात सुटत नसत. "मी काढून दिलं तर तुझं काम होईल, बेटा. याचं न्हाई होणार," संगणकाकडे हनुवटी करून त्या म्हणत.

जालन्यातल्या आमच्या विद्यापीठ उपकेंद्राच्या त्या ग्रंथपाल. घर जाफराबादला, येणं-जाणं एसटीनं. घरी उर्दू, कामावर मराठी, आणि रागावल्या की दोन्ही एकदम.

विद्यापीठानं एका कंपनीकडून पुस्तकं शोधायची नवी सोय आणली होती. ती पक्की करण्याआधी विद्यार्थ्यांची मतं मागवली. मोबाइलवर एक फॉर्म, त्यात एक ते पाच चांदण्या. आमच्या उपकेंद्रातून झाडून सगळ्यांनी पाच दिल्या. वरून उत्तर आलं : विद्यार्थी समाधानी आहेत, बदलाची गरज दिसत नाही.

मॅडमनी ते वाचनकक्षात मोठ्यानं वाचलं. "कोण समाधानी हाय? हात वर करा." एकही हात वर आला नाही. शेवटी एम.ए.चा संतोष चाचरत म्हणाला, "मॅडम, आम्हाला वाटलं ते तुमच्याबद्दल हाय. तुम्हाला कमी चांदण्या कशा द्यायच्या?"

"या खुदा! मी मिरची मागितली, तुम्ही शिरा वाढला!"

महिनाअखेरपर्यंत त्यांनी मुदत मागून घेतली. त्यानंतर आहे ते तसंच कायम होणार होतं.

मी पेटलो. आमचं घर चळवळीतलं, पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त; त्यांच्या कोऱ्या पाठीवरच मी बाराखडी गिरवली. एका बैठकीत मी पत्रक लिहिलं : 'ज्ञानाच्या दाराला कुलूप कुणी लावलं?' मॅडमनी ते शांतपणे वाचलं.

"आवाज बराबर हाय. पण तू काय शोधायला गेल्तास आणि काय सापडलं न्हाई, ते कुठंय?"

"मॅडम, हे लोक मुद्दाम करून राह्यले!"

"असंल. मंग पुरावा आण. जल्दी."

मला राग आला. पण दुसऱ्या दिवसापासून मी मुलांना गोळा करून त्यांच्याकडे आणू लागलो. एकेकानं बसायचं, स्वतःच्या अभ्यासाचं पुस्तक शोधायचं, आणि जे मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं. मॅडम मागे उभ्या. मी टिपणं घेत बाजूला. चांदण्या बंद.

तशी एके दुपारी अर्चना आली. अंबडकडची, घरचे दरवर्षी ऊस तोडायला कारखान्यावर जाणारे. तिचा प्रबंध ऊसतोड करणाऱ्या बायांवर होता. तिनं 'ऊसतोड' टाकलं. काही नाही. 'कोयता' टाकलं. काही नाही. तिनं शांतपणे ओढणी सावरली.

"मला माहीतच होतं, मॅडम. आमच्यावर कुणी लिहिलंच न्हाई. मी विषय बदलून राह्यले."

मॅडमचे हात सुटलेले मी तेव्हा पाहिले. त्या ताडताड कपाटांकडे गेल्या आणि दोन्ही काखांत पुस्तकं घेऊन आल्या. सगळी ऊसतोड कामगारांवरची.

"बघा!" मी ओरडलो. "सापडला पुरावा! हे त्या कंपनीचं पाप!"

मॅडमनी त्यातल्या एका पुस्तकाची नोंद पडद्यावर उघडली. विषयाच्या जागी लिहिलं होतं : 'हंगामी स्थलांतरित श्रमिक'. विषयाचे शब्द कंपनी भरत नव्हती. ते भरायच्या मॅडम.

"हे कुणी लिहिलंय, अर्चना?"

"राहू द्या ना, मॅडम."

"कसं राहू देऊ? तू विषय सोडून चाललीस. बोल."

अर्चना खाली मान घालून म्हणाली, "तुमचे हे शब्द आमच्या घरात कुणी बोलत न्हाई, मॅडम."

मॅडम खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "हां. हे मत झालं."

विद्यापीठाला पाठवलेल्या अहवालात त्यांनी दोन गोष्टी लिहिल्या : नवी सोय एका शब्दावरून त्याच अर्थाच्या दुसऱ्या शब्दाकडे नेत नाही, आणि विषयनोंदी आपण मुलांच्या भाषेत केल्या नाहीत. मी भांडलो. "स्वतःचं नाव कशाला घालता? वरचे लोक तुमच्यावरच ढकलतील."

"अर्धं खरं लिहिलं तर अर्धंच दुरुस्त होतं, बेटा."

वरच्या लोकांनी त्यांना बैठकीत नको नको ते सुनावलं. पण सोय बदलली. आता पुस्तक सापडलं नाही तर पडद्यावर प्रश्न येतो : 'तुम्ही याला काय म्हणता?' मुलं लिहितात, तो शब्द ग्रंथालयात योग्य पुस्तकाला जोडला जातो. मॅडमनी उरलेली नोकरी जुन्या नोंदी नव्यानं करण्यात घालवली. अर्चनानं विषय बदलला नाही.

मी अजून पत्रकं लिहितो, आणि आवाज अजून चढाच असतो. पण शत्रूचं नाव लिहिण्याआधी नोंद उघडून बघतो.

मॅडमच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. प्रत्येकानं त्यांना माऊली, दीपस्तंभ, ज्ञानगंगा केलं. बोलायला त्या उठल्या, तेव्हा हात पाठीशी होते.

"शिरा पोटभर झाला. मिरची कुणाकडं हाय?"

सगळे हसले. मागच्या रांगेतली एक नवी मुलगी मात्र उभी राहिली. "मॅडम, मोबाइलवर ते पान मधेच अडकतं. आणि आमच्या गावात संगणक कुणाकडंच न्हाई."

प्राध्यापकांनी तिच्याकडे डोळे वटारले. मॅडमचा चेहरा मात्र सत्कारात खुलला नव्हता तसा आता खुलला. नारळ टेबलावर ठेवून त्या व्यासपीठावरून थेट खाली उतरल्या.

"बस इथं. उघड मोबाइल. कुठं अडकतं, दाखव."

बाहेर जेवणाची पानं वाढून झाली होती. शमीम मॅडम त्या मुलीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात पाठीशी बांधून घेतले.