बाभळीवरची माळ

सुकत्या चिखलाचा वास आला की नेवाशाजवळचं आमचं तळं आठवतं. उसाच्या रानातून निचरून चरानं वाहून जाणारं मचूळ पाणी अडवून माझ्या नवऱ्यानं त्यात मासे सोडले होते. सासरे माळकरी. त्या दिवसापासून ते मुलाशी बोलले नाहीत, तळ्याकडं फिरकलेही नाहीत.

बहात्तरच्या दुष्काळात पाटाचं पाणी बंद झालं आणि मागोमाग चरही सुकला. नवरा खडी फोडायला गेलेला. एका दुपारी पाहते तर सासरे गुडघाभर चिखलात उभे. तडफडणारे मासे घमेल्यात गोळा करून ते विहिरीत नेऊन सोडत होते. गळ्यातली तुळशीची माळ काठच्या बाभळीला अडकवलेली.

"अवो, माळकरी मानूस तुमी, अन् मासं धरताय?" सासूबाई कळवळून ओरडल्या.

"जीव हाय त्यो," ते मान वर न करता म्हणाले. "आपल्याच घरानं आनलाय हितं."

तेव्हा मला वाटलं, चिखलानं भरू नये म्हणून माळ काढली असेल.

पुढं विहीरही आटली. एकही मासा वाचला नाही. त्या दुपारपासून बाभळीवरच राहिलेली माळ आणून मी सासऱ्यांपुढं धरली. त्यांनी हात पुढं केला नाही.