सोळा अक्षरांची ओळ

प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुमसरहून भंडाऱ्याला जाणाऱ्या बसमध्ये होती. खिडकीची जागा मिळाली होती, मांडीवर वही होती, आणि त्याला काय सांगायचं ते मनातल्या मनात घोकत होती. फोनवर मंदा, माझी भावजय. "अक्का, आता घाई नका करू..." एवढंच बोलली. मी उतरली नाही. उतरून जाणार कुठे? त्याच बसनं दवाखान्यात गेली, आणि जे सांगायला निघाली होती ते तसंच घेऊन परत आली. महिना होत आला. ते अजून माझ्याजवळच पडून आहे, म्हणून लिहायला बसली.

प्रल्हाद माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. सिहोऱ्याला माझी शाळा चौथीतच सुटली, पण त्याची सुरू झाली तशी त्याची पुस्तकं मी वाचायला लागली. इंग्रजी अक्षरं त्याच्याच पाटीवरून गिरवली. मोठी बहीण असून शिकली मात्र त्याच्याकडून. पुढे तो वरठीकडे कारखान्यात लागला, मशीनचे पॅनल दुरुस्त करायला. तारा, फ्यूज, बटणं, सगळं त्याच्या हातातलं. पण पॅनलच्या आतला संगणक बिघडला की बाहेरून इंजिनीअर यायचा आणि प्रल्हाद टॉर्च धरून उभा राहायचा. "आतमंदी काय लिहून आहे, ते आमाले कोनी दाखवलंच नाही, अक्का," असं म्हणायचा. हसून म्हणायचा, पण लागलेलं असायचं.

मग साखरेनं त्याचे डोळे खाल्ले, नंतर किडन्या. नोकरी सुटली. आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याला डायलिसिस. अशा वेळी माणसानं आराम करावा की नाही? यानं बिस्किटाच्या पुड्याएवढा एक संगणकाचा बोर्ड मागवला, आणि त्याच्यावर चालणारा कर्नल, म्हणजे मशीनचा मूळ प्रोग्राम, पहिल्या ओळीपासून स्वतः लिहायचा म्हणून हटून बसला.

"कायले पाहिजे रे हे आता?" मी विचारलं. माझं घर त्याच्या घराला लागूनच. मला धनी नाही, लेकरू नाही, दिवसभर तिथंच असायची.

"सकाळी घरात पयले कोन उठते?"

"मी."

"तू उठते, चूल पेटवते, पानी भरते, मंग बाकीच्याईले उठवते. मशीनमंदी ते काम कर्नल करते. एक तरी मशीन माह्या हातानं उठलं पाहिजे, अक्का. डोळे पुरते जायच्या आधी."

टायपिंग त्याला न पाहता यायचं. वाचणं मात्र होईना. ते काम माझ्याकडे आलं. लॅपटॉपवर कर्नल बांधायचा, छोट्या कार्डावर उतरवायचा, कार्ड बोर्डात खोचायचं, तीन तारांची केबल लावून वीज द्यायची, आणि बोर्ड पडद्यावर जे काही टाकेल ते मी मोठ्यानं वाचायचं. कित्येक दिवस काहीच यायचं नाही. काळा पडदा. "आलं का काही?" "नाही बाबा." मग एका दुपारी एकच अक्षर आलं, इंग्रजी पी. त्यानंच तिथं ठेवलेलं, नावातलं पहिलं. मी ओरडलीच. तो खाटेवर बसल्या बसल्या म्हणाला, "आता चहा पाज. बिनासाखरेचा पाजशीन, मले मालूम आहे."

पेरणीच्या सुमारास त्यानं मशीनला घड्याळ द्यायला घेतलं. आत दर सेकंदाला एक ठोका पडला पाहिजे, त्या ठोक्यावर पुढचं सगळं चालतं, असं त्यानं समजावलं. पण ठोका सुरू केला की बोर्ड चार ओळी टाकून मरायचा. चौथ्या ओळीत सोळा अक्षरांचा एक पत्ता असायचा, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेला. मशीनचा पाय कुठे घसरला त्या जागेचा. तो मी वहीत उतरवायची आणि त्याला वाचून दाखवायची.

आता इथं माझी चूक. सोळा अक्षरांत माझी नजर घसरायची. सुरुवातीचे सगळे शून्य. मधेच अडखळली की तो खाटेवर वाट पाहतो आहे, दमतो आहे, हे दिसायचं. पुन्हा पहिल्यापासून वाचायची लाज वाटायची... जिला आपण शिकवलं तिला धड वाचता येत नाही, असं त्याला वाटू नये. मग मी पडद्यावरची सुरुवात पाहायची, आणि बाकीचा पत्ता वहीतल्या कालच्या ओळीवरून वाचून टाकायची. कालचाच असेल, असं धरून चालली.

"तोच?" तो विचारायचा.

"तोच."

पत्ता रोज तोच, म्हणजे चूक एकाच ठिकाणी पक्की बसलेली. म्हणून तो ती एकच जागा पुन्हा पुन्हा उकरत राहिला. रोवणी झाली, धान निसवलं, कापणीला आलं. त्यानं दुसरा बोर्ड मागवून पाहिला. शेवटी म्हणाला, "माह्या डोक्यातच कमी आहे, अक्का. त्या इंजिनीअराईले येत होतं ते मले नाही येत." त्यानंतर टायपिंग बंद. आठवड्याभरात दवाखान्यात भरती.

तो तिकडे असताना मी टेबल पुसायला गेली आणि सवयीनं वीज दिली. खाटेवर कोणी नव्हतं, म्हणून घाई नव्हती. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. वहीतल्या ओळीशी जुळेना. पुन्हा वीज दिली. पुन्हा तिसराच पत्ता.

कारखान्यातला त्याचा सोबती वासुदेवभाऊ, पुढे संगणकाचं काम शिकलेला, त्याला फोन केला. "दरखेपी बदलते?" तो म्हणाला. "मंग हा चार महिने एकच जागा कायले शोधून राहिला होता?" मी सांगितलं कशामुळे ते. त्यानं तिन्ही पत्ते माझ्याकडून सावकाश वाचून घेतले. मग म्हणाला, "ठोक्याच्या कामाले मेमरीत जागा कमी पडून राहिली, अक्का. धानाची बांधी भरली का पानी धुऱ्यावरून कधी याच्या, कधी त्याच्या बांधीत जाते, तसं. एक आकडा वाढवाचा आहे. बस."

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेली. मंदा त्याला पेज भरवत होती. मला पाहून, म्हणजे माझ्या चपलांचा आवाज ऐकून, तो म्हणाला, "अक्का, तो बोर्ड डब्यात ठेवून दे. आपल्याच्यानं नाही झालं." तोंडाशी आलं होतं माझ्या... आणि मी म्हटलं, "बरं." का म्हटलं? मंदा होती म्हणून, पेज चालू होती म्हणून. खरं सांगायचं तर त्याच्या चेहऱ्याची भीती वाटली म्हणून. उद्या सांगीन, म्हटलं. रात्रभर जागी राहून ठरवलं, आणि सकाळची बस धरली.

तो आपल्या डोक्यात कमी आहे असं समजून गेला. कमी माझ्या वाचण्यात होतं.

परवा वासुदेवभाऊ आला. आकडा बदलला, कार्ड खोचलं, वीज दिली. तीन ओळी आल्या, चौथी पत्त्याची आलीच नाही, मशीन मेलं नाही. पडद्यावर एक आला. मग दोन. मग तीन. दर सेकंदाला एक आकडा, खालोखाल. वासुदेवभाऊ तोंड फिरवून अंगणात गेला. मी खुर्ची त्याच्या रिकाम्या खाटेकडे थोडी ओढली आणि मोठ्यानं वाचायला लागली. थोड्या वेळानं मंदा दारात आली. "अक्का, जेवून घ्या ना." मी हातानंच थांब म्हटलं. सहाशे चाळीस, सहाशे एक्केचाळीस... बोट पडद्यावर ठेवून वाचत होती. एकही सोडला नाही.