सुपात वाळवलेले चतुर

अशी जवळ ये, बस इथं. चहा पिऊन उंबऱ्यावरूनच पळायचं, ही कुठली रीत गं तुझी? आणि चतुरांची मोजणी चुकली म्हणून कॉलेजची सगळी वहीच टाकून देते म्हणतीस. चुकीचं मला सांगू नको. माझ्या हातून झाली तेवढी मोठी चूक तुझ्याच्यानं होणार न्हाई.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक सालं झाली होती. आमचं घर शहागडजवळ, गोदावरीच्या अंगाला. माझी धाकटी नणंद औरंगाबादला प्राण्यांचं शास्त्र शिकत होती, घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच पोरगी. ती पार दक्षिणेकडं, सह्याद्रीतल्या बारमाही ओल्या रानात जाऊन आल्ती. येताना पत्र्याच्या डब्यात मेलेले चतुर आणले, ते पाण्यावर भिरभिरणारे जाळीदार पंखांचे किडे. एकेक चतुर कागदाच्या तिकोनी पुडीत, पुडीवर नंबर, ओढ्याचं नाव, तारीख. त्यांची जातवार वाटणी करून दिवाळीनंतर सरांना दाखवायची होती. पसंत पडली तर सर तिला पुढच्या संशोधनाला ठेवून घेणार. न्हाई तर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्थळ बघूनच ठेवलं होतं.

डबा घरी ठेवून दोन दिवसांसाठी नणंद शहरात गेली. मी डबा उघडून बघितला तर कुबट वास. आपल्याकडं डाळीला वास आला की काय करतात? ऊन दाखवतात. मी पुड्या सोडल्या, चतुर सुपात पसरले आणि कागद झटकून, नीट एकावर एक रचून ठेवले.

ती आली, सूप बघितलं आणि तिथंच खाली बसली.

"वहिनी, कोणता कुठल्या ओढ्याचा, आता कसं कळायचं?"

रंग तर आधीच उतरत चालले होते, उरलेसुरले उन्हानं गेले. नशीब एवढंच, की तिनं वहीत नंबरवार एकेकाच्या पंखाचं चित्र काढून ठेवलं होतं. मी शाळा बघितली न्हाई, अक्षरं घरीच गिरवली, पण बाज विणायला वडिलांनी शिकवलं होतं. विणीत एक घर चुकलं तरी माझ्या डोळ्याला टोचतं. बसले चतुर आणि चित्रं जुळवत. तिसऱ्या दिवशी म्हणलं, "वन्सं, हे पाच तुम्ही वहीत लालवाल्यांत घातलेत. ह्यांची वीण वेगळी हाय."

"कुठं?"

"बाकीच्यांच्या ह्या तिकोनी घरात आडवी शीर हाय. ह्यांचं घर मोकळं."

तिनं भिंग लावलं. पाचही बघितले, मंग पुन्हा पहिल्यापासून बघितले. "मी रंगावरच गेले की," एवढंच म्हणाली.

सहा पुड्या काही केल्या जुळल्या न्हाईत. मी म्हणलं, "टाका कोणताबी ओढा लिहून. कोण बघाया चाललंय?"

"अन् उद्या कुणी त्या ओढ्यावर शोधायला गेलं तर?"

तिनं सरळ लिहिलं, 'ठिकाण सांगता येत नाही, वहिनीने ऊन दाखवले.' ते वाचून सर हसले म्हणे, पण जागा तिलाच दिली.

त्या पाचांची तपासणी मात्र काही वर्षं चालली. ते पाच जिथले, त्या ओढ्यावरून आणखी चतुर आणले, परदेशात पत्रं गेली. शेवटी ठरलं, ही नुसती वेगळी जात न्हाई, जातीच्या वरची अख्खी प्रजातीच नवी. म्हणजे कसं, सख्खे भाऊ समजत होते, ती भावकीच निराळी निघाली. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा तिनं मला कार्ड टाकलं, "वहिनी, काय ठेवू?" मी कळवलं, विणीवरून ठेवा. ते लॅटिन नाव माझ्या जिभेवर अजून बसत न्हाई, पण अर्थ 'विणलेल्या पंखांचा' असा हाय.

आत्याबाई म्हणाल्या, "स्वतःचं लगीन न्हाई, अन् किड्यांची बारशी घाला." पण पुढं आल्यागेल्याला ते कार्ड त्याच दाखवायच्या.

तर तू वही टाकू नको. चुकलं तिथं चुकलं म्हणून लिही. भादव्यात आपल्या विहिरीवर चतुर येतात. तेव्हा वही घेऊन ये, राहायलाच ये. बाज बाहेर काढून ठेवते, दोघी मिळून पुन्हा मोजू. पण जल्दी ये बाई, वाट बघायला लावू नको.