चाचांच्या सीटवरची घंटी

आधीच सांगतो, भुतांना मी कधी घाबरलो नाही. घाबरायला मला पोलीस, आरटीओ अन् घरून अवेळी आलेला फोन एवढं भरपूर आहे. त्यातून भुतासाठी जागाच उरत नाही. सहावीत शाळा सोडलेला माणूस आहे, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. पण जे झालं ते जसंच्या तसं सांगतोय.

मी मूळचा नांदेड जिल्ह्यातला, किनवटकडचा. इकडे आलो तो नारायणगावच्या मार्केटात टोमॅटोचे क्रेट उचलायला. आता पिवळ्या नंबर प्लेटची गाडी चालवतो - जुन्नर, आळेफाटा, मंचर, घोडेगाव, गिऱ्हाईक म्हणेल तिकडे. हे ज्यांच्यामुळे झालं ते रशीदचाचा. जुन्नरचे जुने टॅक्सीवाले. मार्केटच्या गेटवर त्यांची गाडी लागायची अन् मी मोकळा असलो की ती पुसत बसायचो. स्टेअरिंगचं वेडच होतं मला. पण तेव्हाचा नियम असा की आठवी पास नसाल तर टॅक्सीचं लायसन नाही. मी सहावी. विषय संपला.

एका दुपारी चाचा क्रेटांच्या थप्प्यांमधून वाट काढत धापा टाकत आले.

"ए किनवट! टाक ते खाली. दिल्लीवाल्यांनी आठवीची अट काढली!"

"चेष्टा नका करू, चाचा."

"तुझी चेष्टा करायला दिल्ली कशाला लागतीय? मी एकटा बास हाय की!"

त्यांनीच शिकवलं, त्यांनीच लायसन काढायला नेलं. शिकवायची त्यांची एक पद्धत होती. ओरडायचे नाहीत. शेजारच्या सीटवर बसायचे, अन् माझं काही चुकलं की स्वतःचा बेल्ट खट्‌कन सोडायचे. आता नव्या गाड्यांना सरकारने सक्तीच केलीय - शेजारी माणूस बसलाय अन् बेल्ट नाही, की घंटी वाजते. टुंग, टुंग, टुंग... मी गाडी बाजूला घेऊन हँडब्रेक ओढला की चाचा बेल्ट लावायचे, अन् मग शांतपणे, "हां. काय चुकलं सांग." दिवसातून कितीदा तरी. शेवटी शेवटी घंटी वाजली की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

मागच्या थंडीत चाचा गेले. झोपेतच. चाळीस दिवस झाल्यावर चाचींनी किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "गाडी उभी राहिली तर गंजंल, अन् मी बी." तेव्हापासून त्यांचं घर अन् किनवटला माझ्या आईचं घर, दोन्ही या एका गाडीवर.

अन् डोक्यावर तो नवा कायदा. अपघात केला, पोलिसांना न कळवता पळाला अन् समोरचा दगावला, तर दहा वर्षं आत. तो आला तेव्हा ड्रायव्हर लोकांनी संप केला, आळेफाट्यावर गाड्या उभ्या राहिल्या. ते कलम अजून लागू केलेलं नाही म्हणतात. माझ्यात भीती मात्र तेव्हाच लागू झाली. पळालं तर कायदा, थांबलं तर जमाव. इथं माझं नातेवाईक म्हणायला कुणी नाही, मला सोडवायला कोण येणार? झोप उडाली. शेवटी ठरवलं - आहुप्याची एक ट्रिप ठरलीय ती करायची, संध्याकाळी चाचींना किल्ली द्यायची, अन् गावाकडं निघून जायचं.

ट्रिप पुण्याच्या एका रिटायर काका-काकूंची. आहुप्याची देवराई बघायची होती. दोघं मागे बसलेले, पुढची सीट रिकामी. परत निघालो तेव्हा दुपार होती, पण श्रावणातलं धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. लाइट लावून, हॉर्न देत हळूहळू उतरत होतो. एका वळणावर समोरून दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल आली, घसरली, अन् माझ्या मडगार्डला घासून गटारात गेली. कॅन वाजत खाली गेल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

मी थांबलो का? नाही. खरं तेच लिहितो. काका मागून ओरडले, "थांबू नका! इथं लोक जमले तर आपल्याला सोडणार नाहीत. चला!" मला आईच दिसली डोळ्यापुढं. मी गिअर टाकला. गाडी पुढे सरकली...

टुंग. टुंग. टुंग.

शेजारच्या सीटकडे बघितलं. पिशवी नाही, बाटली नाही, काही नाही. एका हाताने बेल्ट ओढून बक्कलमध्ये अडकवला. तरी टुंग, टुंग... काकू म्हणाल्या, "अहो, ते काय वाजतंय? बंद करा ना!" माझा पाय ब्रेकवर गेला होता. मी नेला नव्हता. गाडी बाजूला लागली, हँडब्रेक ओढला, अन् घंटी बंद झाली.

काय चुकलं ते कुणी विचारायची गरज नव्हती. मी उतरून मागे पळालो.

गटारात तिशीचा माणूस पडलेला. मांडीतून रक्त. शुद्धीवर होता. मला बघून म्हणाला, "भाऊ, माझंच चुकलं... दूध सांडलं का समदं?" मी गमछा आवळून बांधला. मोबाइलला रेंज नव्हती. काका एव्हाना खाली उतरले होते. दोघांनी त्याला उचलून मागच्या सीटवर घातलं, काकूंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, काका पुढे माझ्याशेजारी बसले.

डिंभ्याच्या अलीकडे माझ्या लक्षात आलं. काकांनी बेल्ट लावलेलाच नव्हता. मी अडकवलेला त्यांनी बसताना सोडला अन् गडबडीत तसेच बसले होते. अन् घंटी वाजत नव्हती. घोडेगावपर्यंत एकदाही वाजली नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर रक्त जाऊनच संपला असता. त्याचे भाऊबंद आले, चौघं-पाचजण. मी भिंतीला पाठ लावून उभा, आता पहिली थप्पड कुणाची ते बघत. थोरल्याने हातात चहाचा कप दिला. "घ्या पावणं. आमी समदं ऐकलं त्याच्याकडनं. तुमी थांबला, लई झालं."

तिथं मी रडलो. तो थोरला बिचारा मलाच धीर देत बसला.

संध्याकाळी किल्ली मुठीत धरून चाचींकडे गेलो अन् सगळं सांगून टाकलं. घंटीचंही. चाची पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "त्या जखमीला बरं हाय ना आता?"

"आहे, चाची."

"मग सकाळी गाडी धू नीट. रक्ताचे डाग बसतात. अन् जेवून जा, खिचडा केलाय."

किल्ली द्यायची राहिली. अजून माझ्याकडेच आहे.

नंतर मेकॅनिकला गाडी दाखवली. त्याने सीटखाली हात घातला अन् हसला. "राव, घंटीच्या सेन्सरचा प्लगच काढलेला हाय. नवीन कव्हर बसवताना काढला असंल, परत लावलाच न्हाई." कव्हर चाचा गेल्यानंतर घातलेलं. मी आधी बेल्ट लावायला सांगूनच गाडी हलवतो, म्हणून कधी कळलं नाही. विचारलं, मग वाजली कशी? म्हणाला ओल गेली असंल. मग नेमकी हँडब्रेक ओढल्यावर बंद कशी झाली?

तुमच्यात कुणी जाणकार असेल तर सांगा. मी खूप डोकं लावलं, मला काही सापडलं नाही.

त्या दिवशी घोडेगावला पोलिसांनी माझा जबाब घेतला. हवालदार साहेबांनी लिहून झाल्यावर वाचून दाखवला - धुकं, वळण, मोटरसायकल, दवाखाना - अन् शेवटी, चालकाने स्वतः गाडी थांबवून जखमीस मदत केली. "बरोबर आहे ना रे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो अन् सही केली. दुसरं काय सांगणार होतो? पण गाडी कुणी थांबवली, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही.