बेचिराग चिंचटेक

एक्याण्णवच्या शिरगणतीत भिकुबाईने मला, चांगली वीस वर्षं नोकरी झालेल्या मास्तराला, असं फैलावर घेतलं की आठवलं तरी अजून कान गरम होतात.

चूक माझीच. यादीत चिंचटेकपुढे छापलं होतं 'बेचिराग', म्हणजे दिवा लावायलाही माणूस उरलेला नाही असं गाव. पारोळ्याची सडक डांबरी झाली, एसटी सुरू झाली, आणि दहा वर्षांत अख्खं गाव दारं-तुळया बैलगाडीत घालून तीन मैलांवर फाट्याला जाऊन बसलं. प्लेगात रानात पळालेले लोक तरी परत आले होते. एसटीपायी गेलेले कसले येतात! मागे राहिली दोन शेळ्या घेऊन एकटी भिकुबाई. फाट्याचा सरपंच पितांबर तिचा सख्खा पुतण्या. तो म्हणाला, "गुरुजी, काकूला माझ्याच घरात लिहा. कशाला पायपीट करता?" मी पक्का आळशी. लिहून मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी म्हातारी थेट वर्गात.

"गुरुजी, माले पितांबरना घरमां लिखं? मी चिंचटेकमां ऱ्हास!"

"अहो बाई, एका माणसाचं कुठे गाव असतं का?" एवढं बोललो आणि फसलो. पोरांदेखत तिने मला उठवलं आणि चिंचटेकला नेलं. जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीत उभी राहून चतुःसीमा सांगायला लागली. उगवतीला नाला, मावळतीला मारुतीचा पार, वर टेकडी, खाली गाडीवाट. प्रत्येक खड्ड्याला नाव होतं. हे उखर्डूचं घर, हे सुकदेवचं खळं, ही प्लेगात बुजवलेली विहीर. मग नाल्याकाठच्या दोन लहान ढिगाऱ्यांकडे हात केला.

"तठे मन्हा दोन पोरे गाडेल शेतस. तुमी गाव खोडी टाकं, मंग त्या कोन्हा गावना?"

लाज वाटली, खरंच वाटली. तिथेच दगडावर बसून नवा कागद भरला. कुटुंबप्रमुख भिकुबाई.

तालुक्याला शिरगणतीच्या साहेबांनी तो कागद बाजूला सारला. "काय मास्तर, एका बाईसाठी मेलेलं गाव जिवंत करता? खोडा ते." पितांबरही आला होता, मान डोलावत होता. मी खोडायला पेन काढलं. पण माझ्याबरोबर आलेली भिकुबाई मागेच उभी होती.

"साहेब, मी मरसू तवय खोडज्यात. आते जिती शे. मन्हा समोर लिखा."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, पितांबरकडे पाहिलं. पितांबर चपलांकडे बघत होता. शेवटी त्यांनी कागद ओढला, सही ठोकली आणि पुटपुटले, "चिंचटेक. घर एक, माणूस एक."

"जोरमां वाचा," भिकुबाई म्हणाली. "पितांबरले आयकू येऊ द्या."