बापूजींच्या खोलीतला बर्फ आणि बाईंचा राग

डॉ. सुलोचनाबाई देवगडे यांची आणि माझी पहिली भेट झाली, ती त्या माझ्यावर ओरडल्या तेव्हा. चंद्रपूरला त्या वेळी आम्ही चांदा म्हणत असू. एकोणीसशे पन्नासच्या दशकातला मे महिना होता. मी नागपुरात शीतयंत्रांचे काम शिकून नुकताच गावी परतलो होतो. लाकडाचे ठेकेदार वसंतराव यांच्या घरून मला बोलावणे आले. त्यांचे वडील बापूजी दम्याने आणि दुबळ्या हृदयाने अंथरुणाला खिळले होते. त्यांच्यासाठी खिडकीत बसवलेला एअर कंडिशनर रोज दुपारी गोठून बसे.

मी पुढचे झाकण काढले तर आतल्या नळ्यांवर बर्फाचा जाड थर. यंत्राचा थंडावा बंद करून मी नुसता पंखा चालू ठेवला, म्हणजे बर्फ हळूहळू वितळावा. खाली दोन घमेली लावली. बर्फाचे तुकडे त्यांत दणादण पडत होते, तेवढ्यात बाई आत आल्या.

"रुग्णाच्या उशाशी हे काय चालवलं आहे तुम्ही?"

"बर्फ वितळवून राह्यलो बाई. त्याशिवाय मशीन चालत नाई."

"आधी पलंग हलवायचा, मग यंत्र. धरा तिकडून." आणि पलंगाची एक बाजू त्यांनी स्वतःच उचलली.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला सांगितले की बाईंच्या प्रेमळ स्वभावावर लिहा. बाई प्रेमळ आहेतच, त्यावर लिहिणारे पुष्कळ मिळतील. मी त्यांच्या रागाबद्दल लिहिणार आहे. ज्यांना तो राग अडचणीचा वाटतो, त्यांनी हे पान उलटावे.

त्या दिवशी मी हवा गाळणारी जाळी धुतली, विजेचा दाब तपासला, पंखा पाहिला. यंत्र छान चालू लागले. आठवडाही गेला नसेल, पुन्हा बोलावणे आले. पुन्हा तोच बर्फ, आणि वितळलेल्या पाण्याने फरशीवर थारोळे. या वेळी वसंतरावांनी कारण स्वतःच शोधून ठेवले होते. घरात बयाबाई नावाची मोलकरीण होती. तलावाकाठच्या ढिवरवस्तीतली, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतली. बापूजींचे सारे तीच करी. एअर कंडिशनर येण्याआधी खिडक्यांवरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारण्याचे कामही तिचेच होते.

"हेच बाई मशीनवर पानी मारते," वसंतराव म्हणाले. "ताटीवर मारायची सवय हाय ना तिले."

"मी काऊन पानी मारन जी? पानी तं आपोआप गळते."

मी मध्ये बोललो. "भाऊ, वरून पानी टाकल्यानं असा बर्फ होत नाई. मले पुरतं पाहू तं द्या."

"तू मशीन पाह्य. घर मी पाह्यतो."

त्यांनी बयाबाईचे गाठोडे फाटकाबाहेर फेकले. आवारातच त्यांची आरागिरणी होती. तिथले मजूर काम थांबवून पाहत होते, रस्त्यावरची माणसे जमली होती. त्या सर्वांसमोर ते ओरडले, "माह्या बापाले माराले निघाली होती ही!" बयाबाईने उंबऱ्यातून एकदा बापूजींकडे पाहिले. बापूजींनी भिंतीकडे तोंड फिरवले. ती गाठोडे उचलून निघून गेली.

मी यंत्र पुन्हा उघडले. गॅस कमी असता तर नळीच्या एका टोकालाच बर्फ धरला असता. इथे सगळ्या नळ्या सारख्या गोठल्या होत्या, म्हणजे हवाच अडत होती. मी स्वतः धुतलेली जाळी लाकडाच्या भुशाने लिंपल्यासारखी झाली होती. हवा पुढे जात नव्हती, म्हणून थंडावा जागच्या जागी साचून बर्फ होत होता. पण बंद खोलीत एवढा भुसा आला कुठून?

बाई रोजच्या तपासणीला आल्या, तेव्हा मी त्यांना जाळी दाखवली आणि घडलेले सांगितले. बापूजींच्या चादरीवरून त्यांनी हात फिरवला आणि बोटे नाकाशी नेली. सागाचा वास. मग त्या गिरणीकडच्या बंद खिडकीपाशी गेल्या. चौकटीवर धूळ होती, कडी मात्र स्वच्छ होती.

"बापूजी, ही खिडकी कोण उघडतं?"

म्हाताऱ्याने खिडकीकडे पाहिले. मग म्हणाला, "मीच उघडाले सांगत होतो तिले. दुपारी वसंता झोपला की. हा आरा मी हातानं उभा केला बाई. त्याचा आवाज आला नाई तं मले जीव घाबरा होते. वसंताले सांगू नोको म्हणून शपथ घातली होती तिले."

म्हणजे ती शपथेला जागून गप्प राहिली, आणि शपथ घालणारा अंथरुणात पडून सगळे ऐकत राहिला!

"तुम्ही आजारी आहात म्हणून मी हळू बोलणार नाही," बाई म्हणाल्या. खरोखरच त्या हळू बोलल्या नाहीत. "तुमच्या छातीला मी औषध देते. पण तुमच्यासाठी त्या बाईनं खुनाचा आळ घेतला आणि तुम्ही भिंत बघत बसलात, त्याला माझ्याकडे औषध नाही. तुमची जीभ अजून धड आहे. ती वापरा."

आवाज ऐकून वसंतराव धावत आले. सगळे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला, तरी म्हणाले, "जाऊ द्या ना बाई. मोलकरीण काय, दुसरी भेटन."

"मोलकरीण दुसरी मिळेल. तिला तिचं नाव दुसरं मिळणार आहे का? चारचौघांत बोललात, चारचौघांत परत घ्या. मी रुग्णाला तपासायला येईन, ते माझं काम आहे. पण तोवर या घरचं पाणी पिणार नाही."

दुसऱ्या दिवशी ऊन चढण्याआधी बापूजींना बैलगाडीत गादीवर निजवून ढिवरवस्तीत नेले. बाई औषधांची पेटी घेऊन शेजारी बसल्या. मागून वसंतराव पायी चालत होते. बाईंनी मलाही बरोबर घेतले होते, म्हणाल्या, "यंत्राचं काय ते तुम्ही सांगायचं." वस्ती गोळा झाली. बर्फ कशाने होत होता, त्यात बयाबाईचा काही दोष कसा नव्हता, हे मी सर्वांना सांगितले. बापूजींनी हात जोडले. बयाबाई जाळे विणत बसली होती. तिने मान वर केली.

"मी तुमच्या शपथीपायी मुकी राह्यली. तुमी काऊन मुके राह्यले?"

बापूजींना रडू फुटले. वसंतरावांनी आपले शब्द परत घेतले. दात आवळून का होईना, पण घेतले. परत कामावर ये म्हणाले, तेव्हा बयाबाईने नकार दिला. "तलाव हाय, जाळं हाय. मले काई कमी नाई."

त्यानंतर वारा गिरणीच्या दिशेने वाहत असेल तेव्हाच बापूजींची खुर्ची सकाळी अंगणात ठेवू लागले. त्यांना आरा ऐकू येई आणि भुसा मात्र येत नसे. यंत्र पुन्हा गोठले नाही.

बाईंचा राग मात्र तिथे शमला नाही. जो भुसा यंत्राचा श्वास कोंडतो, तो आऱ्यावरच्या माणसांच्या छातीत काय करत असेल, असे त्यांनी वसंतरावांना विचारले. "त्याईले सवय हाय," हे उत्तर मिळाले. मग बाई गिरणीच्या फाटकाबाहेर, बाभळीच्या सावलीत खुर्ची टाकून मजुरांच्या छात्या तपासू लागल्या. ठेकेदारांच्या घरांनी त्यांना बोलावणे सोडले. गावातले शहाणे म्हणाले की बाईंनी जरा जमवून घ्यायला हवे होते. कोणाशी? भुसा तोंडावर उडू नये म्हणून लाकडावर पाणी शिंपडण्याची सोय व्हायला कित्येक वर्षे गेली. तोवर खोकून खोकून गेलेल्या माणसांची नावे मला पाठ आहेत, आणि आजही ती आठवली की माझ्या मुठी वळतात.

बाई त्या काळात गोंडपिपरीकडच्या खेड्यांत जाऊ लागल्या. जीप वाटेत बिघडली तर दुरुस्तीला म्हणून मी बरोबर असे. एकदा मलाच ताप भरला होता आणि मी तो लपवून गाडी दुरुस्त करत होतो. बाईंनी माझ्या हातातला पाना हिसकावला, मला झाडाखाली निजवले आणि संध्याकाळपर्यंत माझ्या कपाळावर ओल्या पट्ट्या बदलत राहिल्या. सगळा वेळ त्या मला बोलत होत्या. इतक्या मायेने मला आईनेही कधी झापले नव्हते.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. गुडघे कुरकुरतात, आवाज जरा बसला आहे. गेल्याच महिन्यात सरकारी दवाखान्याच्या बाकावर एका बाळंतिणीला सकाळपासून ताटकळत ठेवलेले त्यांनी पाहिले. काठी टेकत त्या आत गेल्या, आणि पुढच्या क्षणी आतली सारी मंडळी खुर्च्या सोडून उभी राहिली.

बाई, तुम्हांला निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो. तुम्ही विसावा घ्यावा असे सगळे म्हणतात, मीही म्हणायला हवे. पण अजून या जिल्ह्यात कितीतरी बाकांवर माणसे ताटकळत बसली आहेत, आणि आमच्या ओरडण्याने अजून कोणी उभे राहत नाही.