जीपचे टायर आणि दहा लाद्या बर्फ

"बाईमाणूस गाडीच्या गोष्टीत बोललं, की गाडी बसते!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी चहाचे तीन कप घेऊन पडवीच्या दाराआड उभी होते, आणि बोलत होते ह्यांचे मित्र, बंडूभाऊजी. त्यावर माझे सासरे, म्हणजे अण्णा, म्हणाले, "आमच्या सूनबाईची चिंता नको रे बंड्या. ती बोलतच नाही. स्थळ बघतानाच ते पाहून घेतलंय मी!"

तिघं पोट धरून हसले. त्यांचं हसून होईपर्यंत मी थांबले आणि मग चहा दिला. बंडूभाऊजींच्या कपात साखर घालायची राहिली. राहिली म्हणजे, ठेवली.

गप्प बसण्याचा एक फायदा असतो. बोलणारी माणसं किस्से वाटून मोकळी होतात. गप्प माणसाकडे ते साठत जातात, आमच्या भागाला पाणी देणाऱ्या जांभूळ गावच्या टाकीत पाणी साठतं तसे. माझ्या लग्नाला अजून वर्ष व्हायचंय, पण टाकी काठोकाठ भरली आहे.

आधी गाडीची ओळख करून देते. अण्णा अंबरनाथच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झाले आणि फंडातून ह्यांना एक सेकंडहँड पिकअप घेऊन दिला. इंजिन एवढंसं. चालू केलं की वाटतं, शेजारी कुणीतरी मिक्सर लावलाय. पण गुणी गाडी! रोज सकाळी उल्हासनगरच्या बर्फ कारखान्यातून दहा लाद्या भरायच्या, वर भुसा आणि गोणपाट टाकायचं आणि सात वाजता बदलापूरच्या मच्छी मार्केटात हिराबाईसमोर उतरवायच्या. हिराबाई मार्केटातल्या कोळणींची म्होरकी. तिने घेतला की सगळ्या घेतात. हिराबाई आहे तोवर गाडी आहे, आणि गाडी आहे तोवर ह्यांना कंपनीत पाळी करायला जावं लागत नाही. आमच्या घराचं सगळं गणित एवढंच.

आणि माझी ओळख? माझ्या वडिलांचं अंबरनाथला सायकलचं दुकान आहे. तासावर सायकली द्यायच्या आणि पंक्चर काढायचे. दहावीपर्यंत माझ्या नखांत ग्रीस असायचं. बघायला आले तेव्हा ह्या लोकांनी मला पुरणपोळी येते का विचारलं. चाकाबद्दल कुणी विचारलंच नाही!

*

गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसाने बदलापूरच्या शिरगावात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी एकदा चिखलात रुतली. एकदाच. शेजारच्या दोघांनी ढकलून काढली. पण ढकलताना त्यातला एकजण म्हणाला, "दिलीप, गाडी आहे का बाबागाडी?"

ते ह्यांना लागलं. रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बंडूभाऊजी एक इंग्लिश मासिक घेऊन हजर! भाऊजी एका कंपनीत स्टोअरकीपर आहेत. त्यामुळे त्यांना प्रत्येक वस्तूचं नाव माहीत असतं, उपयोग नसतो. मासिकात एक गाडी दगडावर चढून उभी होती.

"ऑल टेरेन टायर! चिखल, रेती, डोंगर, कुठेही जाणार!"

"पण आपल्याला मच्छी मार्केटला जायचंय," हे म्हणाले. लग्नानंतर ह्यांनी बोललेलं ते सगळ्यात शहाणं वाक्य होतं. पण कुणी ऐकलं नाही, आणि दोन मिनिटांनी ते स्वतःही विसरले.

उल्हासनगरच्या बाजारातून लिलावातले जीपचे टायर रिमसकट आले. बदकाच्या पिल्लाला हत्तीचे पाय लावावेत तशी गाडी दिसायला लागली. अण्णांनी चारही चाकांना हळदकुंकू लावलं, सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, नारळ ओवाळला.

पुढच्याच आठवड्यात आमच्या गल्लीत डांबर पडलं!

*

टायर विकणारे गोपूशेठ मात्र प्रामाणिक माणूस. हे पहिल्या दिवशीच तक्रार घेऊन गेले, की गाडी उचलत नाही. मीही सोबत होते, माहेरी जायचं होतं म्हणून. शेठनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडायला लावलं, आत वाकून पाहिलं आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बेटा, मैं टायर बेचता हूँ. इंजिन तो तू घर से लाया है ना?"

माहेरी बाबांनी दारातूनच चाकं पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. आमच्या दुकानात एक बुटका पोरगा होता, त्याला नेहमी मोठी सायकल भाड्याने हवी असायची. पायडल मारता यायचं नाही, पण खाली उतरायचा नाही! बाबांना तोच आठवला असणार. पण जावयाला काय बोलणार? "छान आहेत हो," म्हणाले, आणि हवा भरायच्या पंपाकडे उगाच बघत बसले.

*

जुनी चारही चाकं रिमसकट अंगणात पडली होती. बंडूभाऊजी म्हणाले, भंगारात द्या. अण्णा म्हणाले, द्या. मी काही बोलले नाही. दुपारी सगळे झोपल्यावर एकेक चाक घरंगळत मागच्या पडवीत नेलं आणि वर गोणपाट टाकलं.

आईंनी पाहिलं. "काय गं वैशाली, हे कशाला?"

"कुंड्या करीन म्हणते. कोथिंबिरीला."

तेव्हापासून आई रोज विचारतात, "माती कधी आणतेस?"

*

नवे टायर मडगार्डला घासायचे. उजवीकडे वळताना नाही, फक्त डावीकडे. स्टीअरिंग पूर्ण फिरवलं की असा कर्र आवाज यायचा की रस्त्यावरची कुत्री उठून उभी राहायची.

बंडूभाऊजींनी गाडीखाली झोपून अर्धा तास तपासणी केली. बाहेर आले, हात पुसले आणि निदान सांगितलं.

"डावीकडे वळू नका!"

मार्केट स्टेशनरोडवरून डाव्या हाताला आहे. तेव्हापासून हे मार्केट ओलांडून पुढे जायचे, उजवीकडे वळायचे, परत उजवीकडे, परत उजवीकडे, आणि समोरून आत शिरायचे. बर्फ मागे टपटपत असायचा. हिराबाई रोज पाटीवर बसून हा सोहळा बघायची. चौथ्या दिवशी न राहवून ओरडली, "अरं दिल्या, परदक्षिना झाली असंल तर बरफ उतरव! माजी सुरमई काय देवाला वाह्यलीय?"

*

अण्णांना आकड्यांची आवड. एका संध्याकाळी मीटर बघून आले ते नाचायचेच बाकी होते.

"दिल्या! पूर्वी उल्हासनगरला जाऊन-येऊन जेवढे किलोमीटर पडायचे, त्याच्यापेक्षा चार कमी पडतात आता! टायर मोठा, रस्ता छोटा!"

मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर जातं, आणि मीटर बिचारं फक्त फेऱ्या मोजतं. हे आमच्या दुकानात सात वर्षांच्या मुलाला कळायचं. पण अण्णांनी तीस वर्षं फोरमनगिरी केलेली. मी पोळ्या लाटत राहिले.

"मग अण्णा, रस्ता कमी झाला तर डिझेल जास्त का जातंय?" ह्यांनी विचारलं.

अण्णा लगेच म्हणाले, "पंपवाला चोर आहे!"

त्या रात्रीपासून आमच्या घरी पंप बदलायची मोहीम सुरू झाली. महिन्याभरात बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंतचे सगळे पंपवाले चोर निघाले.

*

श्रावणी सोमवारी आईंना अंबरनाथच्या शिवमंदिरात जायचं होतं. गाडी आता इतकी उंच झाली होती की नऊवारीत चढायला पाट लागायचा. मी पाट ठेवला, आई चढल्या, मी चढले. पाट अंगणातच राहिला.

देवळापाशी पोहोचलो. आईंनी दार उघडून खाली पाहिलं. परत पाहिलं. दार लावून घेतलं.

"उतरतेस ना?" ह्यांनी विचारलं.

"काय, विहिरीत उडी मारू?"

त्या देवळात गाभारा खोल आहे, देवाकडे जायला पायऱ्या उतराव्या लागतात. आईंनी गाडीतूनच हात जोडले, बेलाची पुडी माझ्या हातात दिली आणि ह्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "महादेवाला सांग, तुझ्याकडे उतरायला पायऱ्या आहेत रे बाबा, माझ्या लेकाच्या गाडीला नाहीत!"

*

आणि मग पुलाचा दिवस.

उल्हासनगरहून येताना वाटेत एक पूल लागतो. चढ तसा फार नाही, सायकलवाले सुद्धा उभं राहून मारतात. त्या दिवशी दुपारची जादा खेप होती; ऊन कडक, लाद्या दहा, आणि दिमतीला अण्णा आणि बंडूभाऊजी सुद्धा. म्हणजे लोड आणखी वाढलेला. पुढे आम्ही चौघं दाटीवाटीने, मी मध्ये, माहेरचा लोणच्याचा डबा मांडीवर घेऊन.

अर्ध्या चढावर गाडीने दम सोडला. पहिला गिअर टाकला, तरी इंजिन फक्त कण्हायचं. जळका वास आला. मागे गाड्यांची रांग लागली. एक रिक्षावाला ओरडला, "अरे साहब, टायर देख के लगा था डोंगर चढोगे!"

चाकांना दगड लावून आम्ही उभे राहिलो. अण्णा म्हणाले, इंजिन गरम झालंय. हे म्हणाले, डिझेलमध्ये कचरा असणार. बंडूभाऊजी म्हणाले, नवीन टायरला रोडची सवय व्हावी लागते. चर्चा छान रंगली. गाडीच्या मागून बर्फाच्या पाण्याची धार पुलावरून खाली वाहत होती, आणि दोन पोरं तिच्यात पाय धुत होती.

पाऊण तासाने ह्यांनी पुन्हा गाडी चालू केली. आणि काय आश्चर्य, हळूहळू चढली!

बंडूभाऊजींनी डॅशबोर्डवर थाप मारली. "बघितलंत? सांगत होतो ना! टायरला थोडा टाइम द्यावा लागतो!"

मार्केटात गोणपाट उचललं. दहा लाद्यांच्या जागी दहा उशा होत्या. हिराबाई कोयता खाली ठेवून उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली.

"पोरा, तुजा बापूस चांगला, तू चांगला. पन मासली वाट बगत नाय. रव्वारी दहाच्या दहा आख्ख्या लाद्या सातला पायजेत. नाय तर सोमवारपासनं दुसऱ्याचा टेम्पो लावतंय मी."

परत येताना हे एका हाताने गाडी चालवत होते आणि दुसऱ्या हाताने स्टीअरिंगवरचं कव्हर सोलत होते.

*

शनिवारी दुपारी पुढचा टायर पंक्चर झाला. स्टेपनी जुन्या मापाची, छोटी. बदलायचं कुणाला सुचलंच नव्हतं. तीच लावून ह्यांनी गाडी कशीबशी अंगणात आणली. एका कोपऱ्यातून ती खाली वाकली होती, देवाला नमस्कार करणाऱ्या म्हातारीसारखी.

संध्याकाळी अंगणात मीटिंग भरली. अण्णा म्हणाले, "चार वाजता निघा, म्हणजे पुलावर थांबून सुद्धा सातला पोहोचाल." हे म्हणाले, "बारा लाद्या भरू, म्हणजे दहा उरतील." बंडूभाऊजींनी नवीन मासिक उघडलं. "माझं ऐका. ह्याच्याहून रुंद टायर येतात..."

ह्यांनी मान वर केली. "नको रे बंड्या. सोमवारी कंपनीत जाऊन भेटतो साहेबांना. गाडी विकून टाकू, अण्णा."

अण्णांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. पुसायला काही नव्हतं त्याच्यावर.

मी चहाचे कप ओट्यावर ठेवले आणि मागच्या पडवीत गेले. गोणपाट काढलं. पहिलं चाक उभं केलं, आणि बाबांनी शिकवल्यासारखं एका हाताच्या तळव्याने घरंगळवत, घराला वळसा घालून अंगणात आणलं. ह्यांच्या पायाशी ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. चौथ्या जागी जुन्या मापाची स्टेपनी होतीच. तिघंही उठून उभे राहिले होते. आई दारात आल्या. "अगं बाई, माझी कोथिंबीर!"

"वहिनी," बंडूभाऊजी म्हणाले, "हे काय चाललंय?"

मी पदर खोचला आणि हात पुढे केला.

"गाडी बसलेलीच आहे, भाऊजी. आता मी बोलले तर चालेल ना? पाना द्या इकडे."